आभाराचे दोन शब्द

त्या वर्षी सप्टेंबर लागला आणि आमच्या घरातला फोन वेडा झाला. जेवायला बसलं की हमखास वाजायचा, आणि पलीकडून टेप केलेला आवाज इतक्या आपुलकीने बोलायचा की पहिले काही दिवस आई बिचारी ‘हॅलो, कोण बोलताय?’ करत त्याच्याशी गप्पाच मारायची. मिशिगनमध्ये राहायचं म्हणजे हे सोसावंच लागतं. इथली मतं कधी इकडे तर कधी तिकडे झुकतात, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या प्रत्येकाला अचानक आमच्या ॲन आर्बरचा पुळका येतो. टपालपेटीत रोज गुळगुळीत कागदाची पत्रकं यायची, त्यावर दोन्ही उमेदवार आळीपाळीने देव आणि सैतान असायचे. आई ती पत्रकं किचनच्या ड्रॉवरमध्ये अंथरायची. चमचा काढायला ड्रॉवर ओढला की कुणीतरी राष्ट्रपुरुष माझ्याकडे बघून हसायचा. टीव्हीवर तर दर पाच मिनिटांनी जाहिरात. आधी काळेकुट्ट ढग आणि घोगरा आवाज, मग लगेच सोनेरी शेतं, पियानो आणि एक हसरी आजी. मी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला वाटायचं, असल्या थिल्लर गोष्टींना भुलतं तरी कोण? आपल्या घरातलं तर कुणीच नाही, याची मला शंभर टक्के खात्री होती.

घर म्हणजे तरी कोण, मी, आई, बाबा आणि बेसमेंटमध्ये मिलिंदमामा. मामा आईचा धाकटा भाऊ, नागपुरातून वर्क व्हिसावर आलेला, एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलेला. प्रतिभामामी आणि त्यांचा चार वर्षांचा पोरगा तिकडे नागपुरात, इंदोऱ्यातच होते. मामाने कंपनी बदलली तेव्हा कागद नव्याने करावे लागले होते, ते मंजूर झाले की दोघं येणार, असं वर्षभर चाललं होतं. मामा रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी, म्हणजे तिकडे संध्याकाळ असताना, बेसमेंटमधून मामीला फोन लावायचा. स्पीकर लावून एकीकडे शर्टाला इस्त्री करायचा. मामीचा आवाज जिन्यातून वर किचनमध्ये यायचा, तिकडे भाजीला काय केलं, पोरगं कुणाशी भांडलं, सगळं आम्हाला ऐकू यायचं. पोहे परतता परतता आई मधूनच जिन्यात तोंड घालून ओरडायची, ‘प्रतिभा, त्याले थोडं रागव, लाडावून ठेवलं तू.’ मामीला मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, पण तिचा खोकला मला पाठ होता. संसार असाही असतो, अर्धा इस्त्रीच्या टेबलावर आणि अर्धा फोनमध्ये.

आता बाबांबद्दल. बाबा युनिव्हर्सिटीच्या इमारतींचं हीटिंग-कूलिंग बघणारे इंजिनिअर, पण त्यांची खरी कीर्ती वेगळीच होती. डेट्रॉइटपासून लॅन्सिंगपर्यंत आपल्या माणसांचा कुठलाही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन बाबांनीच करायचं. ज्यांनी आपले कार्यक्रम पाहिलेत त्यांना हे सांगायला नको, पण इथे वाढलेल्या पोरांसाठी सांगते. शेवटी, जेव्हा लोकांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे लागलेलं असतं, तेव्हा एक जण उठतो आणि प्रमुख पाहुण्यापासून खुर्च्या मांडणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतो. पाहुण्याला तर आभाळाला टेकवायचं असतं. तो कसा का बोललेला असेना, त्याने आपल्या व्यस्त कार्यक्रमातून अमूल्य वेळ काढला, त्याच्या मार्गदर्शनाने आपल्याला दिशा मिळाली, आणि त्याच्या ऋणातून मोकळं होण्यापेक्षा ऋणातच राहणं आपल्याला आवडेल, हे म्हणायचंच. बाबा ते असं म्हणायचे की अंगावर काटा यायचा. एका वर्षी पाहुणा मिळाला नाही म्हणून आमच्याच दातांच्या डॉक्टरला बोलावलं, तो दहा मिनिटं फ्लॉसिंगवर बोलला, तरी बाबांनी आभारात त्याला आमच्या हास्याचा आणि स्वाभिमानाचा रक्षणकर्ता करून टाकलं. त्या डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आदल्या रात्री बाबा मिठाच्या गुळण्या करायचे आणि बाथरूममध्ये सराव करायचे. आई म्हणायची, ‘बायकोचे आभार मानाले कधी एवढी तयारी केली नाही बाप्पा.’

ऑक्टोबरात आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. त्या वर्षी एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी केली नावाची एक हसतमुख पोरगी आमच्या कमिटीला भेटायला आली. ती एका उमेदवाराच्या प्रचारात काम करत होती, आणि तिचं म्हणणं होतं की साहेबांना तुमच्या कार्यक्रमाला थोडा वेळ यायला फार आवडेल. आता हा उमेदवार तोच, ज्याची घोषणा होती ‘आधी घरचे’. निवडून आलो तर बाहेरच्यांचे कामाचे व्हिसा काही वर्षं बंद, त्यांची कुटुंबं आणणंही बंद, हे तो गावोगाव सांगत होता. म्हणजे मामीचा आणि पोराचा रस्ताच बंद. आमच्या टेबलावर यावरून वाद होईल असं मला वाटलं होतं, पण मामाच म्हणाला, येऊ द्या ना. ज्यांच्याबद्दल बोलून राहिला त्यांची तोंडं तरी बघू दे त्याला. बाबांचा मुद्दा निराळा होता. त्यांच्या आजोबांना गावच्या सभेत लांब, चपलांपाशी बसवत. आणि आता देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊ पाहणारा माणूस आपण होऊन आपल्या पंगतीला येतो म्हणतो, त्याला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या उमेदवारालाही रीतसर निमंत्रण पाठवलं, त्याच्याकडून उत्तरसुद्धा आलं नाही.

त्या दिवशीचं कॅफेटेरिया मला आजही दिसतं. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पुऱ्यांचा वास, आणि सुरक्षेवाल्यांचे दोन दांडगे कुत्रे खिरीच्या पातेल्यांभोवती हुंगत फिरताहेत. आईचा जीव नुसता त्या खिरीत अडकलेला. दारावर बोर्ड होता की आत चित्रीकरण चालू आहे, आत येणाऱ्याची त्याला संमती धरली जाईल. तो मी वाचला, सगळ्यांनीच वाचला, आणि लग्नातल्या व्हिडिओवाल्याइतकंच त्याला महत्त्व दिलं. मग तो आला. उंच, थोडा वाकून चालणारा, आणि काय सांगू, माणूस गोड होता. माइकपाशी जाऊन आधी गप्प उभा राहिला, इतका वेळ की सगळी कुजबुज आपोआप थांबली. मग हात जोडून स्वच्छ ‘जयभीम’ म्हणाला. हॉल जो कडाडला! तो त्याच्या खाणकामगार आजोबांबद्दल बोलला, हळू आवाजात, लोकांना पुढे झुकून ऐकावं लागेल असं. एकच वाक्य फिरून फिरून येत होतं, की माझ्या आजोबांना दारात थांबवलं होतं. तिसऱ्यांदा तो फक्त ‘दारात’ म्हणाला आणि थांबला, आणि उरलेलं वाक्य आमच्याच मावशा-काकांनी मनात पुरं केलं. व्हिसाचं अवाक्षर नाही. समोर पहिल्या रांगेत मामा त्याला तोंड दाखवत बसला होता, आणि शेवटी तोच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी पण वाजवल्या, कशाला लपवू?

मग बाबा उठले. पाहुण्याला कळावं म्हणून इंग्रजीतून बोलले, पण ढाचा आपलाच. आपण पाहुणे म्हणून नाही, घरातलं वडीलधारं माणूस यावं तसे आलात. आपले उपकार आम्ही फेडू शकत नाही आणि फेडू इच्छितही नाही, आपल्या ऋणातच राहू इच्छितो. आजपासून आमचे हात हे आपले हात आहेत. उमेदवाराने छातीवर हात ठेवला. कमिटीने त्याला भारताच्या संविधानाची इंग्रजी प्रत भेट दिली, ती त्याने कॅमेऱ्याकडे बघून उंच धरली, आणि पुरी न खाताच गेला. बाबा खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार मानायला लागले तेव्हा सगळे कॅमेरे त्याच्या मागोमाग बाहेर पडले होते.

पुढल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. पाटोडीचा रस्सा होता, मामाचा आवडता, नाकातोंडातून पाणी आणणारा. टीव्हीवर पियानो सुरू झाला म्हणून मी आवाज कमी करायला उठले, आणि पडद्यावर आमचं कॅफेटेरिया. मी रिमोट हातात धरून तशीच उभी. उमेदवाराचा आवाज म्हणत होता, जे नियमाने रांगेत उभे राहून या देशात आले त्यांनाही माहीत आहे की आता पुरे झालं. आणि मग अख्ख्या पडद्यावर बाबांचा चेहरा, पांढरा शर्ट, भरलेले डोळे. ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो. आमचे हात हे आपले हात आहेत.’ मग हातात संविधान धरलेला उमेदवार, आणि खाली मोठ्या अक्षरांत, कामाचे व्हिसा थांबवा, आधी घरचे. लगेच पुढची जाहिरात टूथपेस्टची होती.   बाबांचा घास हातातच. आई आधी त्यांच्याकडे बघत होती, मग मामाकडे. मामाने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘भाऊजी, आवाज मस्त आला तुमचा.’ तो हसला, आणि आम्ही त्याच्यासाठी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले, आणि आता टेप केलेले नव्हते. वर्षानुवर्षं आमच्याकडे येऊन आडवा हात मारणारे काका कोरडं ‘जयभीम’ घालून विचारायचे, किती मिळाले? एका काकूने आईला पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचं जेवण, कॅन्सल झाल्याचं कळवलं, आणि मागाहून समजलं की पॉटलक व्यवस्थित झालं. या सगळ्यात बाबांच्या बाजूने एकटा कोण उभा राहिला असेल तर मामा. तो ऑफिसातून आला की एकेकाला फोन लावायचा आणि समजावायचा. अरे यार, ते नुसते आभार होते, तू नाही का ऐकलेस दरवर्षी? डेंटिस्टला काय म्हणाले होते आठव. सकाळी मामीला तेच. तिच्यापर्यंत ती जाहिरात कुणीतरी पोचवलीच होती. बेसमेंटमधून मामाचा आवाज वर यायचा, अगं भाऊजींचं मन मला माहीत नाही का?

बाबांनी प्रचाराच्या ऑफिसला फोन केला. इंग्रजीत रागावणं त्यांना जमायचं नाही, म्हणून मला शेजारी बसवून स्पीकर लावला. पलीकडे केलीच होती, तितकीच हसतमुख. ती म्हणाली, सर, आम्ही तुमचा एकही शब्द बदललेला नाही, हे शब्द तुमचेच आहेत ना? बाबा म्हणाले, हो, माझेच. मग, ती म्हणाली, अडचण काय आहे?  मी मध्ये पडले. आमच्यात अशी पद्धत असते, हे सगळ्यांनाच म्हणतात, याला काही अर्थ नसतो, असं मी तावातावाने सांगितलं. अगदी साधेपणाने, टोमणा न मारता, तिने विचारलं, ‘म्हणजे तुमचे वडील खोटं बोलत होते?’

मी ‘हो’ म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, ते एवढंच बोललं की सुटका होती. बाबांनी हात पुढे करून फोन बंद केला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते म्हणाले, ‘सुजाता, मी आयुष्यात स्टेजवरून खोटं बोललो नाही. असं परत कुणाला सांगू नकोस.’ मी म्हटलं, अहो बाबा, पण मग तो डेंटिस्ट? ते म्हणाले, त्याचेही मी खरेच आभार मानले होते.

तिथे काहीतरी फिरलं, पण मला ते त्या दिवशी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की बाबा आता जाहिरात लागली की चॅनल बदलत नाहीत. मग आवाज वाढवायला लागले. युनिव्हर्सिटीत बॉयलर रूममधल्या माणसांनी त्यांना ओळखलं, आजवर नुसतं मान हलवणाऱ्यांनी हात मिळवले. दुकानातल्या कॅशियरने विचारलं, तुम्ही टीव्हीवरचे ना? बाबा लाजले, आणि मी चक्क बघितलं की त्यांना ते आवडलं. एकदा जेवताना म्हणाले, तसं पाहिलं तर त्याच्या बोलण्यात एक मुद्दा आहे. माणसं आणायची तर त्यांना नीट जागा हवी. आईने भाताचं पातेलं जरा जोरात ठेवलं. पुढे म्हणाले, तो हे कायमचं म्हणत नाही, काही वर्षंच म्हणतो. ‘काही वर्षं’ म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला, थांबले, आणि मग पुढचं बोलले. मी ताटावरून मान वर करून बघितलं. ते थांबणं बाबांचं नव्हतं, त्या उमेदवाराचं होतं. मामा मान खाली घालून जेवत होता. त्याला वाटलं असावं की भाऊजी लोकांचं बोलणं सहन करायला मनाची समजूत घालताहेत. मलाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेतलं.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ पोचले आहे, आणि निवडणुका आल्या की माझी मुलं मला फोनवर काय काय दाखवतात. हा आवाज बनवलेला, तो चेहरा खोटा, अमुक वाक्य तो बोललाच नव्हता. मुलं म्हणतात, आई, यू हॅव टू बी केअरफुल. मी मान डोलवते. खोट्याची मला एवढी भीती वाटत नाही. आमच्या घरात जी जाहिरात शिरली ती अक्षर न् अक्षर खरी होती. शेजारच्या बाईने ती पाहून मत बदललं की नाही देव जाणे. पण राज्यभर पैसे ओतून दाखवलेल्या त्या जाहिरातीने ज्याला पुरतं जिंकलं, तो माणूस आमच्या सोफ्यावर बसलेला होता. स्वतःचाच आवाज इतक्या वेळा ऐकवला तर माणूस कुठवर त्याच्याशी भांडणार? हे मी आज शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. बाबांचं या देशातलं राष्ट्राध्यक्षासाठीचं ते पहिलंच मत, नागरिकत्वाची शपथ घेऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. ते अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि वर कोट घालून, केंद्र उघडायच्या वेळेलाच चालत गेले. माझे आजोबा नागपुरात असेच नवे कपडे घालून जायचे म्हणे. आईने शिरा करून ठेवला होता, कारण काही झालं तरी दिवस मोठा होता. आमच्यात मत कुणाला दिलं हे कधी विचारायचं नसे. नवरा-बायकोनेसुद्धा नाही, हा बाबांचाच नियम. ते परत आले, कोटावर ‘मी मत दिलं’चा गोल स्टिकर होता. आईने शिऱ्याची वाटी पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही. बूटही न काढता ते सरळ बेसमेंटच्या जिन्याकडे गेले आणि मधल्या पायरीवर उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले, कारण बूट घालून कार्पेटवर गेले म्हणून आई ओरडणार होती.

खाली मामा इस्त्री करत होता. फोन टेबलावर, स्पीकर चालू, आणि तो मामीला सांगत होता की आज एकदाचं हे संपेल, मग लोक विसरतील. बाबा म्हणाले, ‘मिलिंद, मी त्याला मत दिलं.’

मामाने इस्त्री उभी केली. त्याला नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. मलाच ऐकू आलं नव्हतं, म्हणजे शब्द आले होते आणि डोक्यात शिरत नव्हते. मग मामाने एवढंच विचारलं, का भाऊजी?

‘मी चारचौघांत म्हणालो होतो, माझे हात तुमचे हात,’ बाबा म्हणाले. ‘सगळा देश ऐकून राहिला होता. बोललेलं खरं केलं नसतं तर मी कोण उरलो असतो?’ त्यांचा आवाज भरून आला होता, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे तो फार सुंदर लागत होता. मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी कठड्याला धरून नुसती उभी राहिले. मामा त्यांच्याकडे असा बघत होता, जणू जिन्यावर कुणी अनोळखी माणूस येऊन उभा राहिला आहे.

फोनमधून खोकला आला, आणि तेव्हा कुठे आम्हाला आठवलं की मामी ऐकते आहे. ती रागावली नाही, रडली नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तिने बहुतेक गॅस बारीक केला.

‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘मग मी पोरासाठी इथलीच शाळा पाहू का?’

 मामाने इस्त्रीची वायर काढली, ती हळूहळू गुंडाळली, फोन उचलून स्पीकर बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला, ‘पाह्य.’